चितळ, कुर्डू आणि मुळातली बुरशी : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२३

सहाही जोड्या पायी फिरून पाहिल्या. रामटेकहून देवलापारकडे जाताना महामार्ग सोडला की आत सागाचं रान लागतं, त्यात त्या विखुरल्या आहेत. जोडी म्हणजे ५ बाय ५ मीटरचा कुंपणातला चौकोन आणि वीसेक पावलांवर तेवढाच उघडा चौकोन. उघड्याला नुसत्या चार खुंट्या. कुंपणं २०१९च्या उन्हाळ्यात विभागातल्या एका सीनियरने घातली. त्याचा विषय सागाची रोपं हा होता. त्याला नोकरी लागली, कुंपणं राहिली आणि मला आंदण मिळाली. चार पावसाळे झेलून जाळी गंजली आहे, पण उभी आहे. उंची दोन मीटरच्या वर, कारण बिचकलेलं चितळ कमी उंचीची जाळी सहज टपतं. ससे-उंदीर खालून जातात. त्यांना अडवायचा प्रयत्न सीनियरनेही केला नव्हता, मीही करणार नाही.

मृग लागून चार दिवस झाले, थेंब नाही. माती काढायची नळी हातोडीने ठोकली तर नळीचीच कड दुमडली. नमुने नाहीत, नुसती पाहणी.

प्रश्न लिहून ठेवते, नाहीतर पुढे सोयीने बदलायचा. चितळ, सांबर, रोही, गवा वर गवत आणि पाला खातात. त्याने खाली मुळांतल्या बुरशीचं काय होतं? साग, बांबू, मोह, ऐन आणि इथलं बहुतेक गवत यांच्या मुळांत आर्बस्क्युलर मायकोरायझा असते. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरते, बाहेर मातीत तंतू पसरते, फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात झाडाच्या कमाईतली साखर घेते, साधारण ५ ते २० टक्के. माझा अंदाज असा : पाला ओरबाडला की कमाई घटते, आणि कमाई घटली की घरातही आधी बाहेरच्यांचं देणं लांबतं. म्हणजे कुंपणाबाहेरच्या मुळांत बुरशी कमी सापडायला हवी.

मडावीकाका (वनमजूर, जाळीची डागडुजी तेच करत आले आहेत) सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, एवढी माती नेऊन राहिल्या, घरी कुंड्या हायेत का?"

२४ जून

काल रात्री पाऊस लागला. एकदाचा. सकाळी जोडी १ आणि २ वर गेलो तर वास असा की पिशवीत भरून न्यावा. हा वास बुरशीचा समजतात, तो खरा बॅक्टेरियांचा, स्ट्रेप्टोमायसीसच्या जातीतल्यांचा. बुरशीवर काम करणारीला हे श्रेय सोडावं लागतं.

आज मातीचे नमुने सुरू. वरचा १५ सेंटिमीटर थर, चौकोनामागे तीन. आत सागाच्या जुन्या पानांचा जाड थर, गेल्या वर्षीचं वाळकं गवत तसंच उभं. त्या वाळक्या काड्यांवर वाळवीने मातीची नळी चढवली आहे, काही ठिकाणी तर काडी संपली आणि नुसती मातीची नळीच उभी. बाहेर वाळकं गवत जवळजवळ नाही. लेंड्या भरपूर.

आणखी एक : जोडी २ च्या आतल्या चौकोनात ऐनाच्या ओल्या डहाळ्या पडलेल्या. कुंपणाला छप्पर नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वानरं वरून अर्धवट खाल्लेला पाला टाकतात. बाहेर असतं तर खाली चितळं गोळा होऊन तो संपला असता, इथे आत पडून सडणार. म्हणजे आतला चौकोन "चराईविना रान" नाही, "चराईविना आणि वानरांच्या खरकट्यासकट रान" आहे. वहीत नोंद केली. याचं काय करायचं ते माहीत नाही.

६ जुलै

लेंड्यांचं काम, म्हणजे त्यांच्यावर कोणत्या बुरश्या उगवतात ते पाहायचं. हे प्रकल्पात नव्हतं, माझा हट्ट. ताज्या लेंड्या, काळ्या आणि चकचकीत, चिमट्याने उचलून डबीत. वाळक्या घ्यायच्या नाहीत, त्यांच्यावर आधीच कोणीतरी उगवून गेलेलं असतं. प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांत ओला टिपकागद आणि त्यावर पाच-पाच लेंड्या. बश्या खिडकीत. झाकणावर मार्करने बाण केला, खिडकीकडची बाजू कळावी म्हणून.

विभागात शिपाईमामांनी बश्या पाहिल्या आणि त्या खोलीत चहा आणणं बंद केलं.

९ जुलै

आली! पायलोबोलस, लेंडीवर उगवणारी बुरशी. मी तिला टोपीफेकी म्हणते.

सकाळी सात वाजता भिंग लावून पाहिलं. लेंडीवर दहा-बारा काचेसारखे दांडे, एखाद-दुसरा सेंटिमीटरभर. प्रत्येकाच्या टोकाला पाण्याने तट्ट फुगलेला पारदर्शक फुगा, फुग्याच्या डोक्यावर काळी चपटी टोपी. दांड्यांवर पाण्याचे थेंब. सगळे दांडे खिडकीकडे वळलेले, जत्रेत पाळण्याकडे पोरं बघतात तसे. फुगाच भिंगाचं काम करतो. उजेड त्याच्या तळाशी एकवटतो आणि दांडा उजेडाकडे वाकतो. मग दाब वाढत वाढत फुगा फुटतो आणि टोपी बीजाणूंसकट उडते. मोकळ्या जागेत ती दोन मीटर जाते. बशीत ती झाकणापर्यंतच जाते. साडेनऊच्या सुमाराला बशीजवळ कान नेला तर टक्, टक्, अगदी बारीक. झाकणावर काळे ठिपके, जवळजवळ सगळे बाणाच्या बाजूला.

ही खटाटोप कशासाठी ते कळलं की चितळाकडे बघायची नजर बदलते. लेंड्यांजवळचं गवत जनावरं टाळतात. टोपी जवळच पडली तर कोणी खाणार नाही, म्हणून ती लांब फेकायची, गवताच्या पात्यावर चिकटवायची, चितळाने ते पातं खायचं, आणि बीजाणू पोटातून सहीसलामत पुढच्या लेंडीत. म्हणजे चराई बंद केली तर निदान या बुरशीचा धंदा कुंपणात बसलाच. आतल्या चौकोनात चार वर्षांत लेंडी पडलेली नाही, फक्त सशाच्या.

पुढचे दोन आठवडे या बश्या ठेवायच्या. आधी असल्या साखर खाणाऱ्या घाईच्या बुरश्या येतात, मग अॅस्कोबोलस-सोर्डारियासारख्या, शेवटी एक दिवस जगणाऱ्या नाजूक छत्र्या. लेंडीवरच्या बुरश्यांतच स्पोरोर्मिएला नावाची एक आहे. तिचे बीजाणू तळ्याच्या गाळात हजारो वर्षं टिकतात. अमेरिकेत इंडियानातल्या एका तळ्याच्या गाळावरून २००९ साली दाखवलं गेलं की सुमारे १४,८०० वर्षांपूर्वीपासून तिचे बीजाणू घटत गेले, म्हणजे तिथली मोठी जनावरं कमी होत गेली. लेंडीवरच्या बुरशीवरून मॅस्टोडॉन (हत्तीसारखे, आता नामशेष) मोजायचे! सरांना हे दाखवलं तर म्हणाले, "छान आहे, पण मूळ काम कुठवर आलं?"

१९ जुलै

जोडी ५. बाहेरच्या चौकोनाला लागून वारूळ आहे, जमिनीबरोबर झालेलं. त्यावर परवा टेकोड्यांच्या (वारुळावरच्या अळंबीच्या) कळ्या दिसल्या होत्या, भाल्याच्या टोकासारख्या. आज उमलल्या असतील म्हणून खास गेले, तर तिथे नुसते खड्डे.

टेकोडं हे वाळवीचं पीक. वाळवी चावलेला पाला-लाकूड आपल्या घरात पोळ्यासारखं रचते, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात त्या पोळ्यातून लांब मुळासारखा दांडा वर येतो आणि त्याची छत्री होते. म्हणून काढताना काडीने खोल खोदावं लागतं. खड्डे तसेच होते, काडीचे. तरी मी हरणांवर संशय घेतला, कारण हरणं अळंबी खातात हे वाचलेलं.

कॅमेरा ट्रॅपमध्ये पाहिलं. पहाटे ५:५२ ला तीन चितळं, मान खाली, वारुळाला वळसा घालून गेली. ६:४० ला दोन बायका, डोक्यावर पदर, हातात टोपली.

मडावीकाकांनी फोटो पाहिला आणि हसू आवरेना. त्यातल्या एक त्यांच्या वहिनी. "मॅडम, तुमच्या चितळाचे दोन पाय हायेत ना!" संध्याकाळी त्यांच्या घरी टेकोड्यांची भाजी, कांदा आणि तिखट, बाकी काही नाही. मी नमुना खाल्ला याची नोंद अहवालात करणार नाही. इथे केली.

मुद्द्याची गोष्ट : आतल्या चौकोनांत वाळवीचं माती चढवणं बाहेरच्यापेक्षा उघड उघड जास्त आहे. चितळाने न खाल्लेलं गवत वाया जात नाही, ते वाळवीकडे जातं आणि तिच्या बुरशीकडे. म्हणजे "कुंपणात बुरशी वाढते का?" याला एक उत्तर हो असं आहे, फक्त ती बुरशी मी शोधतेय ती नाही.

६ ऑगस्ट

मुळांचे नमुने, सहाही जोड्या, दोन दिवस. नळीतून माती काढायची, चाळणीवर पाण्याने धुवायची, बारीक मुळं चिमट्याने वेचायची, ५० टक्के अल्कोहोलच्या बाटल्यांत. डीएनएसाठीची माती वेगळी, बर्फाच्या पेटीतून विभागाच्या फ्रीजरला. सागाची मुळं सोडली, ती काळपट असतात आणि शुभ्र व्हायला फार वेळ घेतात. बाकी बारीक मुळं सरसकट घेतली.

(सरसकट. हा शब्द पुढे नडणार आहे. ही ओळ २ सप्टेंबरला लिहिली.)

जोडी ४ च्या बाहेरच्या चौकोनात शेणाचा पो. हा बीट (वनखात्याचा पट्टा) गुरांना बंद आहे. गव्याचं शेण असेल म्हणून काकांना विचारलं. काका वाकून बघून म्हणाले, गाय. कोणाची तेही बहुधा कळलं असावं, पण बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. जोडी ४ सध्या हिशेबातून बाहेर.

१७ ऑगस्ट

गेले चार दिवस मुळं रंगवते आहे. नेहमीचा ट्रायपॅन ब्ल्यू विषारी आणि महाग, म्हणून १९९८ साली पुढे आलेली शाई-व्हिनेगरची युक्ती. आधी मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून आतला रंग काढायचा, मग साध्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई मिसळून तीन मिनिटं उकळायचं, मग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात जादा रंग उतरवायचा. पहिल्या दिवशी निळी शाई वापरली, सगळी धुऊन गेली. काळी आणली, ती बसली. प्रयोगशाळेला लोणच्याच्या बरणीचा वास येतोय. शिपाईमामा आता दारातूनच बोलतात.

पहिलं चांगलं मूळ दिसलं तेव्हा दहा मिनिटं मोजायचं सोडून नुसती बघत बसले. गवताचं मूळ काचेसारखं पारदर्शक, त्यात निळसर काळे तंतू पेशींच्या मधून धावतायत, आडवे पडदे नसलेले, अखंड. मधेच अंड्यासारख्या पिशव्या, चरबीने भरलेल्या. आणि काही पेशींत ते आर्बस्क्यूल, पेशीत मावेल एवढं झुडूप, फांदीला फांदी फुटत फुटत धूसर झालेलं. देवाणघेवाण तिथे होते. ते फार दिवस टिकतही नाही. बुरशी ते बांधते, काही दिवसांत मोडतं, शेजारच्या पेशीत नवं.

मोजणी म्हणजे काचपट्टीवर मुळाचे तुकडे समांतर लावायचे, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधली रेघ मुळाला आडवी आली की त्या छेदात काय दिसतं ते लिहायचं. तंतू, पिशवी, आर्बस्क्यूल, काही नाही. काही मुळांत तपकिरी, आडवे पडदे असलेली दुसरीच एक बुरशी असते, ती चुकून धरायची नाही.

निकाल : आत जास्त, बाहेर कमी. फरक इतका की गणित न करताही दिसतो. माझा अंदाज बरोबर! आज नागपुरात बर्डीवर जाऊन तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट.

२८ ऑगस्ट

पाऊस गायब. सगळा ऑगस्ट कोरडा चालला आहे, शेतकऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग एकच प्रश्न : "ही मुळं कोणाची?"

मी म्हटलं, चौकोनातली.

"चौकोनाला मुळं नसतात."

२ सप्टेंबर

दिवसभर गुडघ्यांवर. प्रत्येक चौकोनात काय उगवलंय त्याची यादी केली, जी जूनमध्येच करायला हवी होती.

आत : कुसळी, मारवेल, जाड बुंध्याचे जुने ठोंब, मधे थोडी रानतुळस. बाहेर : गवत आहे, पण बुटकं आणि विरळ, आणि जिथे माती खुरांनी उघडी पडली आहे तिथे तरोटा आणि कुर्डू. तरोट्याला चितळ तोंड लावत नाही. कुर्डू तर उजेड आणि मोकळी माती मिळाली की येतोच. जोडी १, ३ आणि ६ च्या बाहेरच्या चौकोनांत तो भरपूर आहे, तुरे यायला लागलेत, गुलाबी-पांढरे.

कुर्डू हा माठाच्या कुळातला. बहुतेक वनस्पती मुळांत मायकोरायझा ठेवतात, पण काही कुळं ठेवत नाहीत किंवा नावापुरती ठेवतात. मोहरीचं कुळ आणि माठाचं कुळ ही त्यातली ठळक. हे मी दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

कुर्डूची सहा रोपं मुळासकट उपटून आणली, त्याच शाईत उकळली. रात्री साडेअकरापर्यंत मोजलं. मुळं स्वच्छ. एखाद-दुसरा तंतू वरवर चिकटलेला, आत काही नाही. आर्बस्क्यूल एकही नाही.

म्हणजे ६ ऑगस्टला मी बाहेरच्या बाटल्यांत गवताची मुळं आणि कुर्डूची मुळं एकत्र भरली, आणि "चराईने बुरशी घटते" असा आलेख काढला. घटली होती खरी. पण कोणा गवताच्या मुळातली नाही. ज्याच्या मुळात ती कधी नसतेच, ते रोप वाढलं होतं.

तर्री-पोह्यांचे पैसे फुकट गेले.

१६ सप्टेंबर

पोळ्यानंतर पहिला दिवस रानात. काकांच्या बैलांच्या शिंगांना अजून रंग आहे.

मुळं पुन्हा. आता सरसकट नाही. एकेक ठोंब निवडायचा, कुसळी किंवा मारवेल, बुंध्यापासून मूळ हाताने सोडवत खाली न्यायचं, सुटलं की ते त्याच ठोंबाचं. तुटलेलं कुठलंही मूळ घ्यायचं नाही. एका चौकोनाला दोन तास लागतात. कुसळीचं कुसळ अजून कच्चं आहे म्हणून बरं, पुढच्या महिन्यात ते पायमोजे भोकसून जातं.

बाहेरच्या ठोंबांवर खाल्ल्याच्या खुणा मोजल्या. चितळाला वरचे पुढचे दात नसतात. ते पातं खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरून ओढतं, त्यामुळे टोक कातरल्यासारखं नसतं, ओरबाडलेलं, तंतू निघालेलं असतं. ससा स्वच्छ तिरपं कापतो. हे काकांनी दाखवलं.

२३ सप्टेंबर

नागपुरात रात्री ढगफुटीसारखा पाऊस. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर, लोकांच्या घरांत पाणी. आमच्या गल्लीत चारचाकी तरंगताना पाहिली. या सगळ्यापुढे माझं रडणं क्षुल्लक आहे, तरी नोंद हवी : वीज गेली, ज्या प्रयोगशाळेत माती ठेवली होती तिथला जनरेटर चालू झाला नाही, फ्रीजर बंद पडला. डीएनएसाठीची सगळी माती वितळली. वितळलेल्या मातीत बुरश्या आणि बॅक्टेरिया पुन्हा कामाला लागतात, मग त्यात जे दिसेल ते रानाचं नसून फ्रीजरचं. फेकली. अल्कोहोलमधली मुळं सुखरूप.

१४ ऑक्टोबर

नवी मोजणी पूर्ण. ठोंबानुसार, जातीनुसार. काचपट्ट्यांना दुसऱ्याकडून क्रमांक घालून घेतले, म्हणजे आतली की बाहेरची हे मोजताना मला कळू नये.

फरक जवळपास गेला. कुसळीत बाहेर थोडं कमी, मारवेलमध्ये आत-बाहेर सारखंच. पाच जोड्यांच्या जोरावर "थोडं कमी" यावर मी पैज लावणार नाही.

मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. १९९४ साली गेरिंग आणि व्हिथम यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की पाला खाल्ल्याने मायकोरायझा बहुतेकदा घटते. माझा अंदाज तिथूनच आलेला, पाठ्यपुस्तकामार्गे. २०१० साली बार्टो आणि रिलिग यांनी प्रश्नच पुन्हा विचारला, अनेक अभ्यासांची संख्याशास्त्रीय बेरीज केली, आणि सरासरी घट निघाली सुमारे ३ टक्के. म्हणजे जवळजवळ नाहीच. काही ठिकाणी खाल्ल्यावर वाढतेही, कारण पानं परत फुटायला फॉस्फरस लागतो आणि तो आणणारा भागीदार कोणी त्याच वेळी काढून टाकत नाही. कमाई घटल्यावर पहिलं देणं कोणाचं थांबवायचं याचा माझा हिशेबच पगारदार माणसाचा होता. शेतकरी पीक गेलं तरी बियाण्याचा खर्च थांबवत नाही.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. अलास्कात टनाना नदीकाठच्या विलो आणि पॉप्लरवर मूस (तिथली थोराड हरणं) आणि ससे हिवाळ्यात तुटून पडतात. तिथे कुंपणाआत-बाहेर तुलना करून १९९७ साली दाखवलंय की खाल्लेल्या झाडांच्या मुळांवरची बुरशी कमी होते. पण ती बुरशी वेगळी, एक्टोमायकोरायझा, मुळाच्या टोकावर मोज्यासारखी चढणारी, आणि झाडाकडून घेते तेही भरपूर. तसली पाहायची तर मला सालाच्या रानात जावं लागेल, कान्हाला. साल तिच्यावरच जगतो. पहिल्या पावसात बस्तरच्या बाजारात "बोडा" म्हणून मातीतले गोळे विकतात, ते या भागीदारीचंच फळ. सागाखाली बोडा मिळत नाही. गडचिरोलीची मैत्रीण दरवर्षी तिकडून मागवते आणि भाव सांगत नाही.

२९ ऑक्टोबर

सरांशी लांब बोलणं झालं, या वेळी आलेखाशिवाय. प्रश्न बदलला नाही, पण त्याचे तुकडे पडले. चितळ रानात फक्त खात नाही. खुरांनी माती दाबतं आणि उघडी करतं. मुततं, म्हणजे एका टिचभर जागेत नायट्रोजनचा लोंढा. हगतं. आणि निवडून खातं, म्हणजे उद्या इथे कोण उगवणार हे ठरवतं. कुंपणाने हे चारही एका फटक्यात बंद होतात आणि मग आपण म्हणतो "चराईचा परिणाम". हिमाचलातल्या स्पितीच्या कुरणांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने २००५पासून वर्षानुवर्षं कुंपणं राखली. त्यांना दिसलं की जनावरं काढून टाकली की मातीतल्या कार्बनची सरासरी बदलण्यापेक्षा त्याची वर्षावर्षातली चढउतार वाढते, आणि त्यात नायट्रोजनचा हात आहे. एका मोसमाचं मोजून मी काय पाहणार होते?

केनियात लायकिपियाला १९९५पासून एक प्रयोग चालू आहे. तिथे कुंपणांचे प्रकारच वेगवेगळे : कुठे फक्त गुरं, कुठे मध्यम वन्यप्राणी, कुठे हत्ती-जिराफांसकट सगळे, कुठे कोणीच नाही. कोण काय करतं हे त्यातून वेगळं काढता येतं. माझ्याकडे पाच जोड्या आणि गंजलेली जाळी. हेवा वाटला, लपवत नाही.

दुपारी जोडी ६ जवळच्या मोहाखाली गेले. इथे चितळं दुपारची बसतात. जमीन सारवल्यासारखी घट्ट. टिनाचं गोल कडं मातीत रोवून त्यात पाणी ओतलं. वीस पावलांवर कुंपणात तेवढंच पाणी बघता बघता मुरलं होतं. इथे माझा पाण्याचा डबा संपून, काकांशी गप्पा होऊन, त्यांची तंबाखू मळून झाली, तरी टिनात पाणी उभंच. बुरशीचे तंतू ज्या फटींतून जातात त्या फटीच बंद. पण हा खाण्याचा परिणाम नाही, बसण्याचा आहे.

१९ नोव्हेंबर

रानडुकरांनी जोडी ३ ची जाळी खालून उचकटली. आत नांगरल्यासारखं. साडेचार वर्षांचं "चराईविना" एका रात्रीत संपलं. काकांनी तार ओढून घेतली, पण ही जोडी आता वेगळ्या रकान्यात.

मातीतले मायकोरायझाचे बीजाणू मोजायला घेतले. माती पाण्यात ढवळायची, थांबायचं, वरचं पाणी एकाखाली एक चाळण्यांतून ओतायचं, सर्वांत बारीक ४५ मायक्रॉनची. चाळणीत उरलेलं साखरेच्या पाण्यावर फिरवून वर काढायचं. भिंगाखाली मोत्यांसारखे गोळे, पिवळे, मधाच्या रंगाचे, काही काळे. बीजाणू कोणाच्या मुळातून आले ते सांगत नाहीत, म्हणून यांच्यावर निष्कर्ष नको. पण कुर्डूखालच्या मातीत ते आहेत. कमी असतील, मोजणी चालू आहे, पण आहेत. शेजारचं गवत पोसत असावं.

९ डिसेंबर

कुर्डूचं बी झडलं. बारीक, काळं, चकचकीत, राईपेक्षाही लहान. उघड्या चौकोनांतून कागदी पाकिटांत गोळा केलं.

पुढच्या मृगासाठीची तयारी अशी. कुंपणात, जिथे चितळ येत नाही, तिथे एक मीटरचे तुकडे. एकात माती खुरप्याने उघडी करून कुर्डू पेरायचा. एकात माती उघडी करायची पण काही पेरायचं नाही, आणि आलेला कुर्डू उपटत राहायचं. एकात गवत हाताने ओरबाडायचं, कात्रीने नाही, चितळासारखं. एकाला हातच लावायचा नाही. प्रत्येकात मारवेलचा एक खुणेचा ठोंब, आणि मुळं त्याचीच. डीएनएची माती दोन वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये.

काकांना ओरबाडायचं कसं ते विचारलं. त्यांनी मारवेलची मूठ धरली, अंगठा आडवा लावला, झटका दिला. टोकं तंतू निघालेली. मी केलं तर ठोंबच उपटून हातात आला. काका म्हणाले, "जूनपर्यंत हात बसवा."